अल्बमचे मुखपृष्ठ आधी करावे की गाण्याचा व्हिडिओ आधी? (नागपूर)

उन्हाळवाट
नमस्कार. मी नागपुरात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. ऑगस्टमध्ये सादर करायच्या प्रकल्पासाठी मी माझ्या मैत्रिणीचा चार गाण्यांचा अल्बम घेतला आहे. गाणी तिनेच लिहिली आणि गायली आहेत, भाषा वऱ्हाडी वळणाची आहे आणि चारही गाण्यांचा विषय विदर्भाचा उन्हाळा हाच आहे. अल्बमचे नाव आम्ही 'नवतपा', म्हणजे मे अखेरीस लागणारे कडक उन्हाचे नऊ दिवस, असे ठरवले आहे. शीर्षकगीताचा व्हिडिओ, अल्बमचे मुखपृष्ठ, भित्तिपत्रक आणि समाजमाध्यमांवर टाकायची छोटी चित्रे एवढे काम माझ्याकडे आहे.

माझ्या मार्गदर्शक बाईंचे म्हणणे असे की मुखपृष्ठ आधी ठरवावे, म्हणजे व्हिडिओला दिशा मिळते. मैत्रिणीला वाटते की व्हिडिओ आधी करावा आणि त्यातलीच सर्वांत चांगली चौकट मुखपृष्ठावर घ्यावी. मला दोन्ही पूर्णपणे पटत नाही. व्हिडिओतली चौकट पुढच्या चौकटीवर विसंबून असते, तर मुखपृष्ठाला एकट्यानेच उभे राहावे लागते. पण दोन्ही वेगवेगळे केले तर ते एकाच अल्बमचे वाटत नाहीत, हेही मी इतरांच्या प्रकल्पांत पाहिले आहे. तेव्हा व्हिडिओपासून भित्तिपत्रकापर्यंत नेमकी कोणती गोष्ट समान ठेवावी, असा माझा प्रश्न आहे. संत्री आणि झिरो माईलचा खांब मात्र मला वापरायचा नाही, कारण गाण्यांत त्यांचा उल्लेखही नाही.

धरमपेठकर
संत्री नकोत हे उत्तम ठरवलेत. मी इथे आयुष्य काढले आहे, आणि नागपूर म्हटले की पहिल्यांदा संत्रेच काढणाऱ्या प्रत्येक जाहिरातीचा मला कंटाळा आला आहे. उन्हाळाच दाखवायचा तर आपल्या शहराकडे त्याची स्वतःची चित्रे भरपूर आहेत. चौकाचौकांत सिग्नलवर बांधलेल्या हिरव्या जाळ्या, वाळ्याच्या ताट्या लावलेले कूलर, डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळलेल्या मुली आणि दुपारी दोन वाजता ओस पडलेला वर्धा रोड यांतले काहीही घ्या. बाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही आणि इथल्या माणसाला ते आपले वाटेल.

तिपाई
मी संकलनाचे काम करतो, त्यामुळे आधी तांत्रिक बाजू सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचा अर्धा निकाल तिथेच लागतो. बहुतेक संगीत-सेवांना मुखपृष्ठ चौरस आणि साधारणपणे ३००० × ३००० पिक्सेलचे लागते. आपला व्हिडिओ १९२० × १०८० चा असेल, तर त्यातून फार तर १०८० × १०८० चा चौरस निघेल. फोर-के चित्रीकरणातूनही २१६० च्या पुढे जाता येत नाही. ए-३ आकाराच्या भित्तिपत्रकाला इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. शिवाय सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रीकरणात शटरचा वेग सहसा १/५० सेकंद ठेवतात. त्यामुळे हलणारा हात किंवा उडणारा दुपट्टा चौकटीत पुसट येतो. पडद्यावर तो पुसटपणा सुंदर दिसतो, छापल्यावर मात्र फोटो बिघडल्यासारखा दिसतो.

म्हणून व्हिडिओतून चौकट उचलू नका. चित्रीकरणाच्या दिवशी तेच कपडे, तीच जागा आणि तोच प्रकाश असताना वेगळा स्थिरचित्रणाचा वेळ राखून ठेवा, आणि तो शेवटी नको, मध्येच घ्या. शेवटी सगळे थकलेले असतात आणि ऊनही पुढे सरकलेले असते.

धरमपेठकरांनी सुचवलेल्या हिरव्या जाळ्यांबद्दल एक सूचना करतो. जाळीखाली उभ्या असलेल्या माणसाच्या त्वचेवर हिरवी छटा येते आणि जाळीबाहेरचा रस्ता त्याच चौकटीत पांढराफटक असतो. नंतर रंग सुधारताना चेहरा दुरुस्त केला की रस्ता गुलाबी होतो. हे चित्र हवेच असेल, तर हिरवा रंग ठरवून स्वीकारा, पुढे तो काढता येईल या भरवशावर राहू नका.

पावसाळी_बेडूक
वर्धा रोडचे चित्र ड्रोनने वरून घेतले तर फार छान दिसेल.

तिपाई
@पावसाळी_बेडूक, छान दिसेल, पण परवानगीचा विचार आधी करा. ड्रोन नियम २०२१ नुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतच्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. सोनेगावच्या विमानतळापासून एवढे अंतर मोजले तर शहराचा मोठा भाग आणि जवळपास सगळा वर्धा रोड त्यात येतो. विद्यार्थ्याने हा धोका पत्करू नये. सीताबर्डीचा किल्लाही लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे त्याचा विचार सोडून द्या. उंच गच्ची मिळाली तर तेवढीच पुरे.

झाडीची_लेक
मी मूळची गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडची आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि प्रत्येक चौकात नाटकांची भित्तिपत्रके लागतात. त्या भित्तिपत्रकांवर चेहरे असतात, आणि तेही भरपूर असतात. कोण काम करणार आहे हे पाहून माणसे बैलगाडी, मोटारसायकल, ट्रॅक्टर अशा मिळेल त्या वाहनाने रात्रीच्या प्रयोगाला येतात. शहरातल्या कलाशिक्षणात चेहऱ्याला फार लवकर कमी लेखले जाते असे मला वाटते. नवीन गायिकेला कोणी ओळखत नाही, म्हणून तिचा चेहरा टाळायचा नसतो. उलट त्याच कारणासाठी तो दाखवायचा असतो. कूलर आणि जाळ्या छानच आहेत, पण कूलर गात नाही.

धरमपेठकर
@झाडीची_लेक, मुद्दा मान्य आहे, तरी मुखपृष्ठ आणि नाटकाचे भित्तिपत्रक यांत फरक आहे. नाटकाचे पत्रक ठरलेल्या रात्रीसाठी गर्दी जमवते. मुखपृष्ठ गाण्याबरोबर वर्षानुवर्षे राहते. त्यावर गाण्याचा भाव असावा, व्यक्तीची ओळख नंतर होत राहील.

झाडीची_लेक
गाण्याचा भाव चेहऱ्याशिवाय कुठे उमटतो, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

शिरोरेखा
चेहऱ्याचा वाद सुरू राहू द्या, मी अक्षरांबद्दल लिहिते, कारण या कामात त्यांच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते आणि सर्वांत आधी तीच दिसतात. फोनवरच्या यादीत मुखपृष्ठ नखाएवढे दिसते. 'नवतपा' या नावात वर वेलांटी नाही, खाली उकार नाही, जोडाक्षर नाही, फक्त एक काना आहे. देवनागरीत असे नाव क्वचित मिळते. शिरोरेखेच्या वर आणि अक्षरांच्या खाली जागा सोडावी लागत नाही, म्हणून अक्षरे चौरसात चांगली मोठी घेता येतील. या संधीचा पूर्ण उपयोग करा.

अक्षरे स्वतः रेखाटणार असाल तर फारच चांगले. मराठी नाटके आणि चित्रपट यांची नावे कमल शेडगे यांनी वर्षानुवर्षे हाताने रेखाटली, आणि त्यातली कितीतरी नावे लोक आजही नुसत्या अक्षरांच्या वळणावरून ओळखतात. तयार अक्षरसंच घ्यायचा असेल तर एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे संच खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे छपाईतही निर्धास्तपणे वापरता येतात. गाण्यांची यादी लिहिताना 'ल' आणि 'श' यांची वळणे मराठी आहेत की हिंदी, हे नक्की तपासा. पुष्कळ संचांत भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी वळणे येत नाहीत. फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी मांडणी सुरू केली नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरे तुटतात. आपल्या शहरात अशी तुटलेली मराठी फलकांवर रोज दिसते, आणि कलेच्या विद्यार्थिनीने ती आणखी एका फलकावर लावू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उन्हाळवाट
सर्वांचे मनापासून आभार. तिपाई दादा, स्थिरचित्रणाचा वेळ मध्येच घ्यायची सूचना मी लगेच वेळापत्रकात लिहिली. शिरोरेखा ताई, नाव मी हातानेच रेखाटते आहे. चेहऱ्याबद्दल माझे मन अजून डळमळीत आहे. मैत्रिणीला स्वतःचा चेहरा मोठा करून लावायला संकोच वाटतो, आणि झाडीची_लेक ताईंचे म्हणणे वाचल्यापासून तो संकोच आपण मोडावा की जपावा, हे मला कळत नाही.

आणखी एक शंका आहे. चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या एका भजनाच्या दोन ओळी ती गाते. पारंपरिक रचना म्हणून त्या चालतील ना?

सिव्हिल_लाईन्स
तुकडोजी महाराजांची भजने गावोगावी गायली जातात म्हणून ती पारंपरिक वाटतात, पण कायद्याच्या दृष्टीने तसे नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीवरील हक्क रचनाकाराच्या निधनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांवरील हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. संत तुकारामांचा अभंग असता तर शब्दांचा प्रश्न आला नसता, मात्र एखाद्या गायकाचे ध्वनिमुद्रण उचलले असते तर त्या मुद्रणाचा स्वतंत्र हक्क आला असता. कलम ५२ मध्ये शिक्षणक्रमात विद्यार्थ्याने केलेल्या वापराला सवलत आहे, पण वर्गात सादर करणे वेगळे आणि अल्बम सर्वांसाठी प्रसिद्ध करणे वेगळे. प्रसिद्ध करणार असाल तर लेखी परवानगी घ्या, आणि चौकशीची सुरुवात गुरुकुंज मोझरीच्या त्यांच्या आश्रमापासून करा. भित्तिपत्रकावर त्या ओळी छापायच्या असतील तर परवानगीच्या पत्रात तसे वेगळे लिहून मागा.

आणि भित्तिपत्रकांचा विषय निघालाच आहे तर, ती परवानगीशिवाय भिंतींवर किंवा विजेच्या खांबांवर चिकटवू नका. त्यासाठी महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम आहे. महाविद्यालये, वाचनालये, उपाहारगृहे यांचे सूचनाफलक विचारून मिळतात.

जुना_छपाईवाला
माझा छपाईचा व्यवसाय होता. आपण पडद्यावर जो भडक केशरी-पिवळा निवडाल, तो चार रंगांच्या छपाईत तसा येणार नाही, मंद आणि किंचित मातकट येईल, कारण पडद्याचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. उन्हाळ्याच्या विषयात नेमका हाच रंग महत्त्वाचा असल्यामुळे सांगतो. भित्तिपत्रके थोडी असतील तर स्क्रीन प्रिंटिंगचा विचार करा. लग्नपत्रिका छापणारे कारागीर आपल्याकडे आहेत, त्यांना दोन शाया सांगितल्या तर ते पिवळी शाई हवी तशी मिसळून देतात आणि तिच्यावर काळी दणदणीत बसते. पिवळा आणि काळा हे तर आपल्या मारबतीचेच, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या मोठ्या पुतळ्यांचेच, रंग आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी आणि काळी मारबत रस्त्यावर येते तेव्हा ते दोन रंग किती दुरून दिसतात, हे नागपूरकराला सांगायला नको. कडेने ३ मिलिमीटर जादा रंग सोडा, नाहीतर कापताना पांढरी कड दिसते. क्यूआर चौकट छापणार असाल तर पिवळ्यावर काळी छापा, काळ्यावर पिवळी नको, आणि तिच्याभोवती रिकामी जागा ठेवा. ती चौकट फक्त भित्तिपत्रकावरच राहू द्या, संगीत-सेवांना पाठवायच्या मुखपृष्ठावर संकेतस्थळाचे पत्ते किंवा असल्या खुणा चालत नाहीत.

रोहिणी_नक्षत्र
मी इथे क्वचितच लिहितो, पण अल्बमचे नाव वाचून राहवले नाही. सूर्य रोहिणीत जातो तो २५ मेच्या सुमारास. नागपूरचा अक्षांश २१.१५ अंश उत्तर आहे, आणि सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो तो २६ मेच्या सुमारास. म्हणजे नवतपा लागतो आणि जवळजवळ त्याच वेळी नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. आपण उन्हाळ्याची चित्रे शोधत आहात. मला वाटते, सावली नसणे हेच ते चित्र आहे. ते इतर कोणत्याही ऋतूत मिळत नाही, आणि दिल्लीला तर कधीच मिळत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

एकाच दिवसावर अवलंबून राहण्याचेही कारण नाही. त्या दिवसांत सूर्याची उत्तर-दक्षिण जागा रोज अंशाच्या सहाव्या-सातव्या भागाइतकीच बदलते. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीची सावली नवतपाच्या शेवटच्या दिवशीही मध्यान्ही जेमतेम ३ सेंटिमीटर पडेल. मात्र दर ४ मिनिटांना सूर्य १ अंश पश्चिमेला सरकतो, त्यामुळे रोज मिळणारा वेळ सुमारे १० मिनिटांचाच धरा.

उन्हाळवाट
हे वाचून मी आणि मैत्रीण दोघी काही वेळ बोललोच नाही. शीर्षकगीताचे तिसरे कडवे सावली शोधण्याबद्दलच आहे. सकाळच्या लांब सावलीपासून सुरुवात करून प्रत्येक कडव्याबरोबर ती आखूड होत जाईल आणि तिसऱ्या कडव्यात ती नाहीशी होईल. मुखपृष्ठावरही तेच. मला प्रश्न विचारताना जी समान गोष्ट हवी होती ती हीच असावी असे वाटते आहे. तिपाई दादा, यात अडचणी काय येतील?

तिपाई
अडचणी आहेत, पण कल्पना त्यांच्यापेक्षा मोठी आहे. पहिली अडचण चेहऱ्याची आहे. सूर्य माथ्यावर असताना डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात आणि नाकाची सावली ओठांवर येते. दुसरी अडचण प्रकाशाच्या तीव्रतेची आहे. फोनने चित्रीकरण केले तर शटर आपोआप १/२००० च्या पुढे जाते आणि हालचाल झटके दिल्यासारखी दिसते. त्यासाठी प्रकाश कमी करणारा काळसर एनडी फिल्टर लावा आणि शटर हाताने १/५० वर बांधा. तिसरी वेळेची. १० मिनिटांत चार मिनिटांचे गाणे दोनदाच होते. इथे एक युक्ती उपयोगी पडेल. सेकंदाला ५० चौकटींनी चित्रीकरण करा आणि गाणे दुप्पट वेगाने वाजवा, तिने त्याच वेगाने गावे. नंतर २५ चौकटींवर आणल्यावर ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पण दुपट्टा, केस, पापण्या सगळे संथ चालते. तापलेल्या दुपारचा जडपणा आपोआप येतो, आणि दोन मिनिटांत एक फेरी झाल्याने त्याच वेळात चार फेऱ्या मिळतात. शटर मात्र तेव्हा १/१०० ठेवा. तिने नुसते ओठ हलवू नयेत, खरोखर मोठ्याने गावे, नाहीतर गळ्याच्या शिरा खोटे सांगतात.

झाडीची_लेक
चेहऱ्याची अडचण सुटते. तिला उभी ठेवूच नका. गच्चीवर बाज टाका आणि तिला बाजेवर आकाशाकडे तोंड करून झोपवा. ऊन सरळ चेहऱ्यावर येईल, डोळ्यांच्या खोबणी उजळतील, आणि बाजेची सावली बाजेखालीच राहील. डोळे मात्र मिटलेले ठेवा, सूर्याकडे बघू देऊ नका. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री सगळे गच्चीवर बाजा टाकून झोपतात, तेव्हा भर दुपारी बाजेवर पडलेली मुलगी पाहताच इथला माणूस थबकेल. आणि चेहराही मिळाला.

धरमपेठकर
@झाडीची_लेक, माझा विरोध मी मागे घेतो. असा चेहरा असेल तर गाण्याचा भाव त्यातच आहे.

रोहिणी_नक्षत्र
फक्त एक काळजी घ्या. सूर्य बरोबर वर असताना कॅमेराही बरोबर वर धरला तर त्याचीच सावली गायिकेच्या चेहऱ्यावर पडेल. कॅमेरा डोक्याच्या दिशेने थोडा तिरका ठेवावा लागेल.

शिरोरेखा
मग अक्षरांनाही सावली देऊ नका. नावाला उठाव यावा म्हणून बहुतेक जण मागे काळी छटा टाकतात. या अल्बमच्या एकाही चित्रात, अगदी समाजमाध्यमांवरच्या छोट्या चित्रांतही, ती नसावी. सपाट पिवळा, सपाट काळा आणि चेहरा, एवढेच. जुना_छपाईवाला काकांच्या दोन शायांतही ते नीट बसते.

जुना_छपाईवाला
बसते. फोटो काळ्या शाईत ठळक ठिपक्यांनी काढून द्या, म्हणजे स्क्रीनवर भरून येणार नाही. ठिपके बारीक ठेवू नका.

सिव्हिल_लाईन्स
कायद्याबाहेरचे एक सांगते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो. गच्चीची फरशी किती तापते ते सर्वांना माहीत आहे. बाजेवर ओली चादर घाला, दोन फेऱ्यांच्या मध्ये तिला सावलीत न्या, मीठ-साखरेचे पाणी आणि कैरीचे पन्हे जवळ ठेवा, आणि तिला गरगरले तर त्या दिवशीचे काम तिथेच थांबवा. फोनही तापून बंद पडतो, तोही चित्रीकरण सुरू होईपर्यंत घरातच ठेवा.

उन्हाळवाट
सर्व सूचना मी वहीत उतरवल्या आहेत. आता माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी असे धरते आहे की आधी काय करायचे हा क्रम महत्त्वाचा नाही, दोन्हींसाठी एकच प्रकाश ठरवायचा आहे. मुखपृष्ठाची मांडणी आणि अक्षरे मी एप्रिलमध्ये रेखाचित्रात पक्की करीन, मधली जागा मोकळी ठेवीन, आणि ती जागा नवतपातल्या स्थिरचित्राने भरीन. मार्गदर्शक बाईंना हे दाखवले, त्यांनी संमती दिली. मैत्रीणही डोळे मिटलेल्या चेहऱ्याला तयार झाली आहे. मोझरीला पत्र पाठवले आहे. आता फक्त जागा हवी. आमची इमारत उंच आहे, पण गच्चीवर सौर पट्ट्या आहेत आणि मोकळी जागा उरलेली नाही.

रोहिणी_नक्षत्र
ढगांचाही विचार करून ठेवा. सूर्य पुन्हा माथ्यावर येतो तो १७ जुलैच्या सुमारास, तेव्हा १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास, पण त्या वेळी पावसाळा असतो. म्हणून नवतपाचे पहिले तीन-चार दिवस तरी पूर्ण मोकळे ठेवा, आणि आधीच्या आठवड्यात त्याच वेळी रंगीत तालीम करा.

धरमपेठकर
माझी गच्ची मोकळी आहे. चुन्याने पांढरी केलेली आहे, त्यामुळे खालूनही थोडा प्रकाश उसळेल. जिन्याच्या खोलीवर पाण्याची टाकी आहे आणि तिथपर्यंत लोखंडी शिडी जाते, कॅमेरा तिथून तिरका धरता येईल. बाज मात्र माझ्याकडे नाही.

झाडीची_लेक
बाज मी आणते. सुतळीची आहे, नवारीची नाही, चित्रात विणही दिसेल. धरमपेठकर काका, आपण मला पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवावा.